पाण्याची सुट्टी

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. रिठदच्या शिवारात, गावापासून कोसभरावर, पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला, तशी ज्यांच्या डोक्यावर कधी मातीची टोपली चढली नव्हती तीही माणसं मस्टरवर नाव घालून रांगेत उभी राहिली. बौद्धवाड्यातले मजूर होते, कुणबी शेतकरी होते, तांड्यावरची माणसं होती. टोळ्या मात्र ज्याच्या त्याच्या वस्तीप्रमाणे पडल्या होत्या, आणि प्रत्येक टोळीचा पाण्याचा माठही वेगळा होता.

बौद्धवाड्यातल्या टोळीचा मुकादम होता जगदेव. वय बेचाळीस, अंगानं काटक, बोलायला थोडका. कुदळ हातात घेतली की मुरूमसुद्धा त्याला लोण्यासारखा यायचा. बिडी तो बाराव्या वर्षापासून ओढत होता. सकाळी डोळा उघडायच्या आधी त्याचा हात उशाखाली जायचा. दिवसाला दोन कट्टे सहज संपत. ही सवय आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. जेवण असतं, झोप असते, तशी बिडी असते.

त्याच्या टोळीत अकरा पुरुष आणि चौदा बाया. पुरुष खोदायचे, बाया माती वाहायच्या. भाकरीची दुपारची सुट्टी सोडली तर बसायची सोय नव्हती. पण बिडीला कोणी आडवं येत नसे. कामावरचा कारकून स्वतःच ओढायचा, त्यामुळे "जरा बिडी पेतो" असं कोणी म्हणालं की त्याची ना नसायची. पुरुष कुदळ टेकवत, उकिडवे बसत, एकाच्या बिडीवर दुसऱ्याची पेटे, शेजारच्या टोळीतलेही येऊन त्यावर आपली पेटवून घेत, आणि घटकाभर अंगाला आराम मिळे. दिवसातून पाच-सहा वेळा तरी हे व्हायचंच. बायांना मात्र बसायला निमित्तच नव्हतं. खोदणारे थांबले की त्या रिकाम्या टोपल्या धरून उन्हात उभ्या राहत. एखादी टेकली तर कारकून तिकडून ओरडे, "बसल्या काय? माती नसंल त दगड वेचा!"

वैशाखातल्या एका दुपारी रुख्मिणीनं यावर उपाय काढला. रुख्मिणी ही टोळीतल्या इंद्रभानची बायको. वीस वर्षांची पोर, सहावा महिना चालू होता. पाय सुजून टम्म झाले होते. पुरुष बिडीला बसले तशी ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मले एक द्या."

इंद्रभानला वाटलं, थट्टा करते. त्यानं हसत हसत पेटती बिडी पुढे केली. रुख्मिणीनं ती घेतली, ढेकळावर बैठक मारली आणि कारकुनाकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "मी बी बिडी पेऊन राह्यली. आता मले बसता येते ना?"

तिनं एक झुरका मारला आणि ठसका लागून तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. माणसं खो खो हसली. जगदेवही हसला. हसता हसता त्याची नजर मोठ्या बहिणीकडे गेली आणि त्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

सोजरबाई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर ती माहेरच्या गावी आली होती आणि भावाच्याच टोळीत माती वाहत होती. तिनं डोक्यावरची टोपली खाली टाकली, रुख्मिणीच्या हातातली बिडी काढून घेतली आणि पायाखाली चिरडली. मग ती जगदेवपुढे येऊन उभी राहिली.

"मुकादम तू हायस ना? या पोरीले बसाले बिडी काहून लागते?"

"मी कुठं बसू नको मनतो, अक्का?"

"बस बी कुठं मनतं? मन ना एकडाव!"

 जगदेवनं कुदळ उचलली आणि तो संध्याकाळपर्यंत खोदत राहिला. खोदताना त्याला एकच गोष्ट खुपत होती. सहाव्या महिन्यातली बाई घटकाभर टेकता यावं म्हणून पोटातल्या जिवावर धूर घेते, आणि आपण मुकादम असून दात काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी झाल्यावर तो टोळीपुढे उभा राहिला. "आजपासून बिडीची सुट्टी बंद. पाण्याची सुट्टी. सकाळून दोनदा, दुपारून दोनदा. माठ फिरंल तवा सगळे बसतीन. बाया बी."

कारकून धावत आला. "कोणत्या नियमात बसते हे?"

"साहेब, बिडीची सुट्टी कोणत्या नियमात होती?" जगदेव शांतपणे म्हणाला. "शनिवारी खड्ड्याचं माप घ्या. कमी भरलं त मले बोला."

शनिवारी माप घेतलं तर ते दर आठवड्याहून वीतभर जास्तच भरलं. सगळे एकदम बसत आणि एकदम उठत, त्यामुळे कोणाची कोणासाठी खोटी होत नव्हती. कारकुनानं पुन्हा तो विषय काढला नाही.

पाण्याच्या सुट्टीत बिडी ओढायला बंदी नव्हती. पण माठ फिरताना बायाही घोळक्यात बसत, बोलणं निघे, हसणं होई, आणि एखाद्या वेळी खिशात हात घालायचा राहूनच जाई. जगदेवला हे जाणवलं. दिवसातल्या निम्म्या बिड्या आपण केवळ बसायला मिळावं म्हणून ओढत होतो की काय, असं त्याच्या मनात आलं. उरलेल्या निम्म्या मात्र अंगात मुरलेल्या होत्या, त्या जागच्या हलत नव्हत्या.

पुढच्याच आठवड्यात एक मोठा धोंडा हलवताना त्याचा दम कोंडला. तो बांधावर बसला. दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले, मान पुढे. सोजरबाई टोपली घेऊन जाता जाता थबकली. अशी बैठक तिनं पाहिली होती. तिचा नवरा शेवटचे सहा महिने असाच बसून होता. आडवं पडलं की जीव गुदमरायचा, म्हणून ज्वारीचं रिकामं पोतं कवटाळून भिंतीला टेकून बसायचा. तोही बाराव्या-तेराव्या वर्षापासूनच ओढणारा.

 रविवारी तिनं भावाच्या हाताला धरलं आणि त्याला रिसोडच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता, नागपुराकडून नव्यानंच आलेला. त्यानं नळी लावून छाती-पाठ तपासली आणि मग भलतंच काही मागितलं. "काडीपेटी आहे का?"

जगदेवनं खिशातली काढून दिली. डॉक्टरनं एक काडी पेटवली आणि त्याच्या तोंडापासून वीतभराच्या आत धरली. "तोंड आऽ करा. ओठ आवळायचे नाहीत. नुसता श्वास जोरानं सोडा आणि विझवा."

जगदेवनं सोडला. ज्योत हलली आणि पुन्हा सरळ झाली. त्यानं पुन्हा छाती भरून घेतली आणि सोडला. काडी डॉक्टरच्या बोटापर्यंत जळत आली, पण विझली नाही. दुसरी पेटवली, तीही नाही.

"आता तुम्ही," डॉक्टर सोजरबाईला म्हणाला. तिनं तोंड उघडून एक 'हा' केलं आणि काडी विझली.

खड्ड्याच्या मापात वीतभर जास्त काढणारा जगदेव एका काडीपुढे हरला होता. त्यानं काडीपेटी परत घेतली. "दवा देता ना, साहेब?"

"खोकल्याचं देतो. पण बिडी चालू असेल तर त्याचा काही उपयोग होणार नाही. बिडी थांबवली तर झालेलं नुकसान सगळं भरून येणार नाही, पण राहिलेला दम राहील. एकट्यानं सोडायच्या भरीला पडू नका. चार जण मिळून एक दिवस ठरवा. पहिले पंधरा दिवस डोकं धरेल, चिडचिड होईल, झोप उडेल. मग उतरत जातं."

सोमवारी सकाळच्या पाण्याच्या सुट्टीत जगदेवनं स्वतःच ही गोष्ट टोळीला सांगितली. लपवावं असं त्याला वाटलं होतं, पण बहीण शेजारीच बसली होती. मग काय, ज्यानं त्यानं काडी पेटवली. बायांनी एकामागून एक काड्या विझवल्या. रुख्मिणीनं तर हसता हसताच विझवली. अकरा पुरुषांपैकी पाच जणांच्या काड्या बोटापर्यंत जळल्या. पंचविशीच्या इंद्रभानची तिसऱ्या खेपेला कशीबशी विझली. त्यानंतर तो बराच वेळ हातातल्या काळ्या काडीकडे पाहत बसला.

"सोडून द्या तुमी सगळे," सोजरबाई म्हणाली. "पौर्णिमा तोंडावर आली. विहारात वंदना झाली की तिथंच ठरवून टाका."

"अक्का, पाचव्या शीलात दारू हाय, बिडीचं नाव नाही," कोणीतरी मागून म्हणालं, आणि थोडं हसू पिकलं.

"नाव घेऊन सांगाव लागते काय सगळं? तुमाले अक्कल कायले देल्ली?"

जगदेवला ते लागलं. तो चिडून बोलून गेला, "अन् तुह्या कमरेले काय हाय, अक्का? तुही डबी?"

 सोजरबाईच्या कमरेला लुगड्याच्या ओच्यात पत्र्याची एक लहान डबी असायची, हे सगळ्या वाड्याला माहीत होतं. भाजलेली तंबाखू. सकाळ-संध्याकाळ ती दातांना घासायची. उपाशी पोटी वाहिलेल्या कित्येक टोपल्या तिनं त्या डबीच्या जोरावर वाहिल्या होत्या. आपण बोलायला नको होतं, असं जगदेवला वाटलं.

सोजरबाईनं डबी काढली. झाकण उघडलं, आत एकदा पाहिलं, आणि सगळी तंबाखू मातीत ओतून वरून पाय फिरवला.

"पौर्णिमेची वाट कायले पाहू? माहा आजपासून पयला दिस," ती म्हणाली. "आता बोल."

वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी विहारात वंदना झाल्यावर नऊ पुरुष आणि चार बाया उभ्या राहिल्या. शपथेचे मोठे शब्द कोणी वापरले नाहीत. खिशातले कट्टे आणि कमरेच्या डब्या बाहेरच्या खड्ड्यात टाकून वरून माती लोटली, इतकंच.

मग खरी कसोटी लागली. सोजरबाईनं जवस, ओवा आणि मीठ भाजून त्याच्या पुड्या बांधल्या. तलफ आली की चिमूटभर तोंडात टाकायची, वरून पाणी प्यायचं, आणि एकट्यानं कुठं जायचं नाही. दोघादोघांच्या जोड्या पाडल्या. जगदेवच्या जोडीला इंद्रभान आला. दोघंही इतके चिडके झाले होते की पहिल्या दोन दिवसांत चार वेळा त्यांचं भांडण झालं.

चौथ्या दिवशी जगदेवनं जेवणाचं ताट फेकलं. वरणात मीठ कमी होतं, एवढंच कारण. त्याची बायको लिलाबाई खाली वाकली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी उचलून तिनं फुंकली, आणि म्हणाली, "बिडी सोडली तुमी, अन् मार खाऊन राह्यलं ताट." बोलणं थट्टेचं होतं, पण तिनं वर पाहिलं नाही. दुष्काळात ताट फेकणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला असेल. जगदेव मान खाली घालून सांडलेलं वेचू लागला.

आणि हे सगळं होताना तो बहिणीकडे पाहत होता. तिचंही काही सोपं चाललं नव्हतं. दाढा ठणकत म्हणून ती गालाला पदर बांधून यायची.  एकदा ती रुख्मिणीवर विनाकारण खेकसली आणि थोड्या वेळानं स्वतःच जाऊन तिच्या सुजलेल्या पायांवर ओलं फडकं ठेवून आली. तिचं सोडणं आपल्यापेक्षा जड आहे, हे त्याला तेव्हा कळलं. आपल्याला नुसतं सोडायचं होतं. तिला सोडायचं होतं आणि वरून बाकीच्या बारा जणांना सांभाळायचं होतं.

नवव्या दिवशी तो घसरला. कुदळी शेवटायला, म्हणजे धार लावून घ्यायला, लोहाराकडे एकटाच गेला होता. इंद्रभानला ताप होता. लोहार जुना मित्र. भाता ओढता ओढता त्यानं सवयीनं एक बिडी पुढे केली आणि जगदेवच्या हातानं ती सवयीनं घेतली. अर्धी झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. तरीही त्यानं ती फेकली नाही, संपवली. मग वाटेत कडुलिंबाचा पाला चावला, तोंड धुतलं आणि कामावर परत आला.

 पाण्याच्या सुट्टीत सोजरबाईनं त्याच्या तळहातावर जवस-ओव्याची चिमूट ठेवली. ती त्याला गिळवेना.

"मी पेलो," तो म्हणाला.

माठ फिरवणारा हात थांबला. आता अक्का सगळ्यांदेखत आपली लाज काढणार, या तयारीनं तो बसला. मुकादमानंच माती खाल्ली म्हटल्यावर बाकीचे कशाला थांबतील, हेही त्याला दिसत होतं.

"किती?" सोजरबाईनं विचारलं.

"एक."

"आठ दिस पेला नाही, अन् आज एक पेला. आठ दिस कुठं गेले नाहीत, बापा. तुह्यापाशीच हायत." ती थोडी थांबली. "उद्यापासून कुदळी घेऊन मी जाईन लोहाराकडं."

एवढंच ती बोलली. मग मागून तांबूस डोळ्यांचा एक जण म्हणाला, "मी बी परवा पेलो, दोन." आणखी एकानं मान डोलावली. लपवलेलं असं एकेक बाहेर आलं. जगदेवला इतकं हलकं वाटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यानं ते ओव्याच्या तिखटपणावर ढकललं. त्या दिवसापासून टोळीत रिवाजच पडला. घसरला तर सांगायचं. सांगितलं की कोणी हसायचं नाही.

शेजारच्या टोळीतला ग्यानबा हे सगळं लांबून पाहत होता. ग्यानबा कुणब्याचा, पाच एकरांचा धनी, पन्नाशीचा. आयुष्यात दुसऱ्याच्या कामावर गेला नव्हता, पण त्या साली त्यालाही मस्टरवर यावं लागलं होतं. खोकला असा की त्याचा आवाज बांधाच्या पलीकडून ओळखू यायचा. एका दुपारी तो येऊन चार हातांवर उभा राहिला.

"जगदेव, ते काडीचं काय हाय गा?"

जगदेवनं दाखवलं. ग्यानबाच्या काडीची ज्योत हललीसुद्धा नाही. तो मटकन खाली बसला. मग खिशातला कट्टा काढून त्यानं जगदेवच्या पुढ्यात ठेवला. "मले घ्या तुमच्यात."

पाचव्या दिवशी भर उन्हात तो अक्षरशः पळत आला. कपाळ घामानं डबडबलेलं. "सोजरबाई, द्या काही. नाही त आता पेतो मी!"

तिनं मूठभर जवस-ओवा त्याच्या हातावर ओतला. त्यानं तो तोंडात कोंबला आणि मिठानं त्याचा घसा कोरडा पडला. त्याच्या टोळीचा माठ बांधाच्या पार त्या टोकाला होता. सोजरबाईच्या हातात भरलेला तांब्या होता. तिनं तो पुढे केला नाही. असं पुढे करायचं नसतं, हे ती लहानपणापासून शिकत आली होती. दीक्षा घेऊन सतरा वर्षं झाली होती, तरी हात आपोआप थांबत होता. ती नुसती उभी राहिली. 

ग्यानबानं तांब्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून तो तिच्या हातातून घेतला आणि घटाघटा रिकामा केला. मिशीवरून हात फिरवून म्हणाला, "अजून एक द्या."

त्याच्या टोळीतले दोघे जण तिथूनच ओरडले, "ग्यानबा, काय करून राह्यला बे?"

"त्याइच्या बिडीवर माही बिडी रोज पेटवत होतो," ग्यानबा वळून म्हणाला. "तवा नाही बाटलो. मंग आता पान्यानं कसा बाटतो?"

सोजरबाईनं दुसरा तांब्या भरून दिला. देताना तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. पण त्या दुपारी टोपल्या वाहताना ती काहीतरी गुणगुणत होती, आणि जगदेवनं तिला गुणगुणताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आठवडाभरात ग्यानबाच्या टोळीतले आणखी तिघे येऊन बसू लागले. सगळे काही आले नाहीत. काहींनी ग्यानबाशी बोलणंही टाकलं.

आषाढात पाऊस लागला आणि काम बंद झालं. माणसं आपापल्या वावरात पांगली. पण पंधरवड्यातून एकदा सकाळी विहारासमोर सगळे जमायचे, ते सोजरबाईनं सोडू दिलं नाही. दिवाळीपर्यंत सतरांपैकी अकरा टिकले होते. इंद्रभाननं दोनदा सोडून दोनदा धरली. रुख्मिणीला मुलगी झाली आणि ती बापाच्या कुशीत आली की शिंकायची. त्यानं तिसऱ्यांदा सोडली, ती कायमची. बाकीच्यांतले तिघे सोडत-धरत राहिले, तर दोघं जण पुन्हा जुन्या वाटेला गेले आणि फिरले नाहीत. त्यांना बाजारात पाहून सोजरबाई आधी नमस्कार करायची, म्हणजे त्यांनी तोंड चुकवू नये. जगदेवचा दम सगळा परत आला नाही. चढावर त्याला थांबावं लागे. पण तो रात्री आडवा होऊन झोपत होता.

शहात्तर साली जगदेवच्या थोरल्या लेकीचं, शेवंताचं लग्न केनवडला ठरलं. वऱ्हाड आलं की मांडवात पान-सुपारीचं ताट फिरवायचं आणि त्यात बिडीचे कट्टे ठेवायचे, ही सगळीकडची रीत. ज्याच्या ताटात भारी बिडी, त्याचा मान मोठा. लिलाबाईनं चार वेळा विचारलं, "ताटात काय ठेवू?" आणि जगदेवनं चारही वेळा सांगितलं, "बिडी नाही."

वऱ्हाड बसलं. ताट फिरलं. नवऱ्या मुलाचा चुलता गोविंदा हा वऱ्हाडातला वडीलधारा. फेटा बांधलेला, आवाजाचा करडा. त्यानं ताटातला जवस-ओवा बोटानं चाळवला. "हे काय व्याही? पाखरं हावो का आमी? बिडी कुठं हाय?"

 लिलाबाईनं खांब धरला. जगदेवनं सवयीनं बहिणीकडे पाहिलं. ती नवरीपाशी बसली होती आणि मुद्दाम इकडे पाहत नव्हती. हे तुझं तूच बोल, असंच जणू.

जगदेव गोविंदाच्या पुढ्यात जाऊन बसला. हात जोडून म्हणाला, "व्याही, माह्या लेकीच्या लग्नात तुमाले काही कमी पडू देनार नाही. चूक झाली त कान धरा. पण माह्या मेव्हन्याले मी बिडीनं मरताना पाह्यलं. मी सोताही अर्धा मेलो होतो. ते आपल्या हातानं तुमच्यापुढं कसं ठेवू? आता आपन सोयरे हावो."

गोविंदा उठला. मांडवाबाहेर गेला. त्यानं स्वतःच्या खिशातून बिडी काढलेली जगदेवला लांबून दिसली. तिथं लिंबाखाली ग्यानबा बसला होता. लग्नाला तो सहकुटुंब आला होता. दोघांचं काय बोलणं झालं ते मांडवात कोणाला ऐकू आलं नाही. गोविंदाला बोलता बोलता खोकल्याची उबळ आली आणि ग्यानबा त्याची पाठ चोळत राहिला, एवढं दिसलं. बऱ्याच वेळानं गोविंदा आत आला, आपल्या जागेवर बसला आणि म्हणाला, "चालू द्या. खोळंबा कायले?"

लग्न लागलं, जेवणं झाली. पोरगी निघाली तेव्हा सगळ्यांचे डोळे भरले होते. गाडीत चढता चढता गोविंदानं जगदेवला बाजूला घेतलं.

"केनवडले या एखाद्या बाजाराच्या दिवशी. त्या तुमच्या बहिनीले बी आना. आमच्यात लय झन हायत असे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी त हावोच."

पंधरा दिवसांनी जगदेव आणि सोजरबाई केनवडच्या बाजारात उतरले. गोविंदानं वडाखाली घोंगडी अंथरली होती. सगळं गाव लोटेल असं जगदेवला वाटलं होतं. बसले होते तिघे, गोविंदा धरून चार. बाकीचे दुकानांच्या आडून पाहत होते. जगदेवचा चेहरा पडला. सोजरबाईनं मात्र पदर सावरला, घोंगडीवर बैठक मारली आणि पुडी सोडायला लागली.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी आली. तिनं आपल्या नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं आणि तो तोंड वाकडं करत तिच्यामागं ओढला जात होता.

"बस इथं," म्हातारी त्याला म्हणाली. मग सोजरबाईकडे वळून तिनं विचारलं, "बाई, मी बी बसू का? मले तंबाखू घासाची सवय हाय."

सोजरबाई सरकली आणि तिनं घोंगडीवर आपल्या शेजारी जागा करून दिली.